घडीच्या जुन्या कॅम्परच्या ओल धरलेल्या भिंती: साताऱ्याच्या हवेत दुरुस्ती कशी करावी

हा लेख आहे जुनी घडीची कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायची, आत झोपता येईल अशी) घेतलेल्यांसाठी. म्हणजे जिचं छत वर उचललं की आत आडव्या पडलेल्या कडक भिंती बिजागरीवर उभ्या राहतात, ती. फ्रान्समध्ये रॅपिडो कंपनी १९६१ पासून अशा गाड्या बनवत होती. आपल्याकडे दिसतात त्या बहुतेक इथल्याच बॉडी-बिल्डिंगवाल्यांनी त्याच तत्त्वावर बांधलेल्या. कास, ठोसेघर, बामणोलीच्या बाजूला दोन-चार पावसाळे फिरलेली अशी गाडी घेतली की आज ना उद्या तळाच्या कोपऱ्यात अंगठा दाबल्यावर प्लाय आत जातो, आणि मग आपण घाबरतो. घाबरण्यासारखं फार नाही. क्रम मात्र चुकवू नका. आधी पाण्याची वाट, मग वाळवणं, आणि सगळ्यात शेवटी लाकूडकाम. बहुतेक लोक थेट लाकूडकामाला लागतात, आणि पुढच्या श्रावणात तीच भिंत पुन्हा उघडावी लागते.

१. भिंत आतून कशी असते

आत ३ किंवा ४ मिमीचा प्लाय, बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये लाकडी पट्ट्यांची चौकट आणि चौकटीच्या घरांमध्ये थर्माकोल. सगळं एकमेकांना चिकटवलेलं. या भिंतीला ताकद येते ती या चिकटलेपणातून. चौकट स्वतः फार जाड नसते, साधारण एक इंच. ओल आत गेली की गोंद सुटतो, प्लाय फुगतो, आणि लाकूड कुजायच्या आधीच भिंत लटपटायला लागते.

घडीच्या गाडीत एक जास्तीची अडचण आहे. प्रत्येक वेळी भिंत उभी-आडवी होताना बिजागरीच्या स्क्रूंवर ताण येतो. हे स्क्रू पत्र्यातून थेट लाकडात गेलेले असतात. भोवतालचं सीलंट सुकून तडकलं की प्रत्येक स्क्रू पाण्याला वाट देतो. म्हणून साध्या, न दुमडणाऱ्या कॅराव्हॅनमध्ये खिडक्या आणि छताचे कोपरे आधी बघतात, आपल्या गाडीत बिजागरीची ओळ आणि भिंतीची तळपट्टी आधी बघायची.

२. ओल कुठवर गेली आहे

सुया असलेला ओलावामापक घ्या, लाकडासाठीचा. साधा चालतो. आतल्या प्लायवर दर वीतभर अंतरावर टोचा आणि आकडा तिथंच मास्किंग टेपवर लिहा. सगळी भिंत अशी भरली की ओलीचा नकाशा डोळ्यांसमोर येतो, आणि पाणी वरून आलंय की खालून चढलंय हे त्यातूनच कळतं.

आकडे कसे वाचायचे? १५ टक्क्यांच्या आत असेल तर लाकूड ठीक. २० च्या वर सतत राहिलं तर कुजवणारी बुरशी जगते. मात्र साताऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये घरातल्या कोरड्या लाकडाचा आकडाही वर गेलेला असतो. त्यामुळे पावसाळ्यात मोजत असाल तर आधी घरातल्या दाराच्या चौकटीवर मोजा आणि भिंतीचा आकडा तिच्याशी ताडून बघा. फरक मोठा असेल तिथंच ओल.

मापकावर सगळा भरवसा ठेवू नका. पत्र्याजवळ किंवा लपलेल्या स्क्रूजवळ तो खोटा आकडा देतो. टोचा किंवा दाभण घेऊन संशयाच्या जागी हलकं दाबा. सुदृढ लाकूड टोच्याला अडवतं, कुजलेल्यात तो विनासायास घुसतो. बोटाच्या पेराने प्लाय वाजवत गेलात तर जिथं तो थर्माकोलपासून सुटलाय तिथं आवाज पोकळ येतो. कपाटांच्या मागे आणि बाकांच्या खाली जरूर बघा. कोंदट वास तिथूनच येत असतो.

३. पाणी कुठून येतं

गाडी पूर्ण उघडी, उभी. एक माणूस आत बॅटरी घेऊन, दुसरा बाहेर पाण्याचा पाइप घेऊन. जोरात फवारा नको, पाणी नुसतं वाहू द्या. सुरुवात तळापासून करा आणि हळूहळू वर सरका. वरून सुरुवात केली तर सगळं पाणी खाली ओघळतं आणि वाट कुठली ते कळत नाही. एकेका जोडावर आठ-दहा मिनिटं थांबा. आत संशयाच्या जोडांखाली वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवून ठेवा. थेंबाएवढी ओलही कागदावर लगेच दिसते, डोळ्यांना प्लायवर दिसत नाही.

मग गाडी घडी घालून हेच पुन्हा करा. हे फार जण करत नाहीत. बंद गाडीत पाणी छताच्या झाकणाच्या रबरातून येतं. उभ्या असताना कोरडी राहणारी गाडी अंगणात बंद असताना भिजत असते. आपल्याकडे झडीचा पाऊस आडवा येतो, त्यात तर हमखास.

पाइपने काहीच सापडलं नाही आणि तरी खिडक्यांच्या खाली काळे ठिपके असतील, तर ते बाहेरचं पाणी नसण्याची शक्यता मोठी. आत झोपलेल्यांचा श्वास आणि चहा-भाताची वाफ थंड पत्र्याच्या आतल्या बाजूला जमते. त्याला दुरुस्ती एकच. गॅस पेटलेला असताना खिडकी उघडी, आणि हवा खेळती राहण्यासाठीची जाळी बुजवलेली नको.

४. काम कधी काढायचं

दिवाळी झाल्यावर उघडायला घ्या, मेच्या आत बंद करा. आपल्या जिल्ह्याचा एक मोठा फायदा आहे, तो वापरा. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माण तालुका दुष्काळी. दहिवडी, म्हसवड, वडूजकडे कोणी पाहुणे असतील तर उघडी केलेली गाडी उन्हाळ्यात त्यांच्या शेडमध्ये ठेवा. तिकडच्या कोरड्या वाऱ्यात लाकूड जेवढं लवकर वाळतं, तेवढं सातारा शहरात किंवा जावळीत वाळत नाही. सावलीतच ठेवा. एप्रिलच्या थेट उन्हात पत्रा इतका तापतो की उरलेला गोंदही सुटतो, आणि लाकूड एका अंगाने सुकून पीळ खातं.

५. लागणारं सामान आणि कागद

हत्यारं: ओलावामापक, टोचा, पटाशी, लहान रंधा, कटर, गोल करवत किंवा मल्टी-टूल (पात्याची खोली ठरवता येईल असं), ड्रिल, गुण्या, वर्नियर कॅलिपर (जाडी मोजायला), शिकंजे (क्लॅम्प), छताला टेकू देण्यासाठी चार मजबूत बल्ल्या, एन-९५ मास्क, हातमोजे.

साहित्य: मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा, त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघून), तळपट्टीसाठी सागवान, बाकी चौकटीसाठी वाळलेलं पाइन, दाट थर्माकोल, पीयू (पॉलियुरेथेन) गोंद, पीयू सीलंट, ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्क्रू, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड, नवं रबर.

दुकानात वर्नियर घेऊन जा. ४ मिमी म्हणून दिलेला प्लाय बरेचदा कमी भरतो, आणि एकाच गठ्ठ्यातल्या दोन तावांतही फरक असतो. एवढं काटेकोर का, ते पुढे येईलच.

कागदांत आरसी आणि विम्याची पॉलिसी काढून ठेवा. ट्रेलर आहे, तिची लांबी-रुंदी आणि वजन आरसीवर नोंदलेलं असतं. दुरुस्तीत ती मापं बदलू देऊ नका. आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल करायचा असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते. आहे तसं जुनं काढून तसंच नवं बसवलं तर तो प्रश्न येत नाही. विम्यात हळूहळू झालेली झीज आणि ओल धरत नाहीत. पुराने झालेलं नुकसान ही वेगळी गोष्ट. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-कोयनेचं पाणी कऱ्हाड-सांगलीत शिरलं, तसं गाडीला लागलं असेल तर काहीही उघडायच्या आधी विमा कंपनीला कळवा आणि फोटो काढा. पुराचं पाणी गाळासकट थर्माकोलच्या मागे चढतं, अशा भिंतीत खालचं सगळं थर्माकोल काढूनच टाकावं लागतं.

६. उघडणं

आधी गॅसची टाकी गाडीबाहेर. बॅटरीचं कनेक्शन काढा, बाहेरून वीज जोडलेली असेल तर ती तोडा. भिंतीत तारा कुठून गेल्यात ते शोधून प्लायवर खडूने आखा.

मग छताला चारही कोपऱ्यांत बल्ल्यांचा टेकू द्या. हे सांगताना मी आग्रही आहे. छत उचलून धरणाऱ्या गॅस भरलेल्या दांड्यांवर किंवा स्प्रिंगवर छत उभं दिसतं, पण एक भिंत बाजूला काढली की भार सरकतो, आणि खाली तुम्ही वाकलेले असता.

आपल्या गाडीची खरी सोय इथं आहे. साध्या कॅराव्हॅनची भिंत जागेवरच दुरुस्त करावी लागते, आपली भिंत बिजागरीतून सोडवून खाली घेता येते. दोन सुतारी घोड्यांवर (लाकडी तिवयांवर) जाड प्लायचा सपाट ताव टाका आणि भिंत त्यावर पत्र्याची बाजू खाली करून ठेवा. पत्र्याला चरे पडू नयेत म्हणून खाली जुनी गोधडी अंथरा. भिंत उचलायला दोन माणसं हवीत, एकट्याने उचलली तर मधोमध पत्र्याला चूण पडते आणि ती पुन्हा जात नाही.

सोडवण्याआधी चारही कोपऱ्यांत आणि मधे वर्नियरने जाडी मोजून लिहून ठेवा. बिजागरीच्या स्क्रूंची ओळ कागदावर काढा आणि स्क्रू त्याच क्रमाने त्यावर टोचून ठेवा.

कापताना पात्याची खोली प्लायच्या जाडीएवढीच. ओलीच्या नकाशाच्या पुढे एक वीत जास्त घ्या आणि कापाची रेघ शक्यतो चौकटीच्या पट्टीच्या मध्यावर येऊ द्या, म्हणजे नव्या प्लायची कड टेकवायला आधार मिळतो. सुटलेला प्लाय पापुद्र्यांनी निघतो. चिकटलेला पटाशीने, हळू. खालचं थर्माकोल चांगलं असेल तर ते वाचवा. मास्क लावूनच काम करा, काळी बुरशी उडते आणि बंद खोलीत ती छातीला लागते.

७. वाळवणं

आता थांबायचं. उघडी भिंत सावलीत, पंख्यासमोर, तिरकी उभी करून ठेवा. हीट गन लावू नका. थर्माकोल ऐंशी अंशांच्या आसपास आकसायला लागतं, आणि लाकूडही वरून सुकून आत ओलं राहतं.

पुरेसं वाळलं हे कसं ओळखाल? काढलेल्या चौकटीचा बोटभर ओला तुकडा घ्या, भिंतीजवळच ठेवा आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर दोन दिवसांनी वजन करा. वजन उतरायचं थांबलं आणि मापक १५ च्या खाली आला, की पुढे जा. दोन्ही झाल्याशिवाय नको. ओलसर लाकडावर नवा प्लाय चिकटवला तर एका बाजूला पत्रा आणि दुसऱ्या बाजूला मरीन प्लाय, पाण्याला बाहेर पडायला जागाच राहत नाही.

८. कुजलेलं कापणं, नवं जोडणं

टोचा जिथं अडतो तिथून पुढे आणखी सहा इंच कापून टाका. बुरशीचे तंतू दिसणाऱ्या कुजीच्या पुढे गेलेले असतात. उरलेल्या लाकडाला आणि नव्या तुकड्यांना बोरॅक्स-बोरिकचं पाणी द्या. दीड भाग बोरॅक्स, एक भाग बोरिक ॲसिड, दोन्ही मिळून गरम पाण्यात पाच-सहा टक्के. ब्रशने दोन-तीन हात. याने बुरशीही आवरते आणि वाळवी-भुंगाही. हे मीठ पाण्यात विरघळणारं आहे, म्हणून पाण्याची वाट बंद झाली तरच ते टिकतं. मुलं आणि गुरं यांच्यापासून लांब ठेवा, आणि पुन्हा वाळू द्या.

नवी पट्टी जुन्याला टोकाला टोक लावून जोडू नका. तिरका काप घ्या, जाडीच्या आठपट लांबीचा. एक इंच पट्टी असेल तर आठ इंचांचा उतार. दोन्ही उतार रंध्याने एकमेकांवर बसवून, पीयू गोंद लावून शिकंज्यात रात्रभर. सुतारकाम येणाऱ्या माणसाला हे दाखवायला लागत नाही, पण गाडीचं काम म्हटल्यावर पुष्कळ जण पत्र्याची पट्टी आणि चार खिळे मारून मोकळे होतात. तसं करू देऊ नका.

तळपट्टी आणि बिजागरी जिथं येते ती जागा सागवानाची. वजन थोडं वाढतं, चालतं. तिथं स्क्रू धरायला दाट लाकूड लागतं. बाकी चौकट पाइनची ठेवा, सगळं सागवान केलं तर छत उचलताना आणि ओढताना दोन्हीकडे भार जाणवतो. टोच्याला नुसती वरवर मऊ लागणारी जागा असेल तर पातळ इपॉक्सी मुरवून चालेल. स्क्रू घ्यायचा असेल तिथं नको.

९. थर्माकोल, प्लाय आणि जाडीचा हिशेब

घडीच्या गाडीत एकावर एक दोन-तीन भिंती झोपतात आणि वर छताचं झाकण बसतं. प्रत्येक भिंत एक मिलिमीटरने जाड झाली तरी झाकणाची कडी लागत नाही. कोणी जोर लावून लावलीच तर रबर एका कोपऱ्यात दबतं आणि समोरच्या कोपऱ्यात उचलतं. जिथं उचललं तिथून पुढच्या पावसात पाणी. म्हणून लिहून ठेवलेली मूळ जाडी समोर ठेवा. थर्माकोल चौकटीच्या पातळीला आणा, वर राहिलेलं खरकागदाच्या लांब ठोकळ्याने घासून.

इथं तीन सापळे आहेत.

दुकानदार प्लाय चिकटवायला पिवळसर रबरी गोंद देईल, फेविकॉल एसआर ९९८ सारखा. फर्निचरच्या लॅमिनेटला तो उत्तम, पण त्यातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळतं. थिनरचंही तसंच. आधी टाकाऊ तुकड्यावर लावून बघा.

पांढरा गोंद पाणी उडून सुकतो. मागे पत्रा असल्यावर ते पाणी फक्त प्लायमधूनच जाऊ शकतं, त्याला फार वेळ लागतो. हवेतल्या ओलाव्यावर धरणारा पीयू गोंद इथं बरा.

पोकळी भरायला डब्यातला पीयू फोम मारू नका. तो फुगताना बाहेरचा पत्रा ढकलतो आणि गाडीच्या अंगाला टेंगूळ येतं. जाडीचा हिशेब तर जातोच.

गोंद दातेरी पट्टीने पातळ पसरवा, प्लाय ठेवा, वर दुसरा जाड ताव, त्यावर वाळूची पोती सगळीकडे सारखी. मधे कमी आणि कडेला जास्त असं नको. चोवीस तास हलवू नका. उचलल्यावर पुन्हा वर्नियर. जास्त भरली तर त्याच दिवशी बघा कुठे, नंतर प्लाय घासून काढण्याइतका जाड नसतो.

१०. बिजागरी आणि सील

जुनं सीलंट कणभरही ठेवू नका. विशेषतः सिलिकॉन. त्यावर दुसरं काही चिकटत नाही, रंगही धरत नाही. व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन तर ॲल्युमिनियमला खातं. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि जागा स्पिरिटने पुसा. एम-सील हलणाऱ्या जोडाला घालू नका, ते कडक होतं आणि भिंत दुमडताना तडकतं. डांबरी टेप उन्हात वितळून ओघळते.

बिजागरीच्या पट्टीखाली ब्यूटाइल टेप, सलग, मधे जोड न देता. स्क्रूच्या जुन्या भोकांत गोंद लावलेली सागवानाची बारीक खुंटी ठोका आणि त्यातच नवं भोक पाडा. प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना सीलंटचा थेंब. लोखंडी स्क्रू वापरू नका, ॲल्युमिनियमच्या संगतीत ओलाव्यात दोन्ही गंजतात. टेप दोन्ही कडांनी किंचित बाहेर येईपर्यंत आवळा, दुसऱ्या दिवशी परत आवळा, आणि बाहेर आलेली टेप मग कापा.

रबर बदलताना जुन्याचा वीतभर तुकडा घेऊन दुकानात जा. दारं-खिडक्यांची रबरं विकणाऱ्यांकडे जवळपास तसाच आकार मिळतो, पण दबल्यावर पुन्हा वर येतं का ते बोटाने दाबून बघा. रबराचा जोड खालच्या बाजूला ठेवा, छताच्या पुढच्या कोपऱ्यात नको.

११. तपासणी आणि पहिला पावसाळा

भिंती जागेवर लावून गाडी दहा-बारा वेळा उघडा-मिटा. झाकणाच्या रबरात चारही बाजूंनी कागदाची पट्टी अडकवून ओढा. जिथं ती सहज निसटते तिथं रबर दाबत नाही. मग तिसऱ्या पायरीची पाण्याची तपासणी पुन्हा, उभी आणि बंद दोन्ही. आत वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावायला विसरू नका.

पावसाळ्यात गाडी पत्र्याच्या शेडखाली, आणि एका बाजूला बोटभर उतार देऊन, म्हणजे छतावर पाणी साचत नाही. शेड नसेल तर ताडपत्री अंगाला घट्ट गुंडाळू नका, तिच्या आतल्या बाजूला वाफ धरते. बांबूच्या सांगाड्यावर टाका, खालून हवा जाईल अशी. ओली गाडी घडी घालून प्रवासाला निघणं कधीकधी टळत नाही. कासवरून खाली आलात की त्याच दिवशी उघडा, जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी. पावसाळ्याच्या मधे उघडीप पडली की दुपारी दोन-तीन तास भिंती उभ्या करून गाद्या बाहेर काढा. आणि नव्या दुरुस्तीच्या कडेला ओलावामापक टोचून आकडा टेपवर तारखेसकट लिहीत जा, आषाढात एकदा आणि पितृपक्षाच्या सुमारास एकदा.